पट्टी भरली, तरी लिहिणं चालू होतं : वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२५, मंगळवार

हस्तलिखित अंकांचं स्कॅनिंग आज थांबवलं. स्कॅन साठवायची बाहेरची डिस्क 'अ' उघडत नाही. माझ्या लॅपटॉपला जोडली की 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असा संदेश येतो. ताईंना आणि मामांना पहिल्यांदा एकच सांगितलं: त्या संदेशाखालचं बटण कुणीही दाबायचं नाही.

घडलं ते असं. काल संध्याकाळी ८८ पानं स्कॅन झाली. ४०० डीपीआय, रंगीत, ए-४, म्हणजे एका पानाची टिफ फाईल साधारण ४६ एमबी आणि सगळी मिळून ४ जीबी. स्कॅनरच्या संगणकाची आतली डिस्क २४० जीबीची आणि कायम भरलेली, म्हणून आम्ही फायली कॉपी न करता कट-पेस्ट करतो. काम किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी पुरी भरली, खिडकी बंद झाली. साडेपाचची एसटी चुकू नये म्हणून मामांनी केबल काढली आणि डिस्क कपाटात ठेवली.

मामा सकाळपासून गप्प आहेत. "मी बघितलं होतं, हिरवी पट्टी पुरी झाली होती. मगच काढली," एवढंच म्हणाले. ते खरंच बोलताहेत. काम झालं असं संगणकाने सांगितलं आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. या नोंदी मी त्यासाठीच लिहायला घेतल्या आहेत. वाचनालयात डिस्क हाताळणारी माणसं पाच आहेत, आणि पाचही जणांना घाई असतेच. संगणकच असा लावायचा की घाईतल्या हातानेही पान जाणार नाही.

गेलेल्या पानांत १९५७ च्या हस्तलिखित अंकाचा शेवटचा भाग आहे. तो अंक गावातल्या एका घराने महिनाभरासाठी दिला होता. आता तो मुंबईला त्यांच्याकडे परत गेला आहे.

५ जून, गुरुवार

दुरुस्तीच्या आधी नक्कल, हा नियम मोडायचा नाही. तपासणीची साधनं डिस्कवर लिहितात, आणि मूळ डिस्कवर लिहिलं की मागे फिरता येत नाही. लॅपटॉप पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला आणि जीएनयू डीडीरेस्क्यूने डिस्क 'अ' (१ टीबी) नव्या २ टीबीच्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवली. साडेतीन तास लागले. वाचनात एकही चूक आली नाही. म्हणजे डिस्क यंत्र म्हणून ठीक आहे, बिघडली आहे ती, कोणती फाईल कुठे आहे ते लिहून ठेवणारी, तिच्यावरची नोंदवही.

एक काळजी घ्यायची: मूळ आणि नक्कल एकाच वेळी विंडोजला जोडायच्या नाहीत. दोघींची ओळखसही सारखी असल्याने विंडोज त्यातली एक ऑफलाइन करून ठेवतं आणि मग गोंधळ वाढतो.

विंडोजचं तपासणीचं साधन चेकडिस्क नकलेवर चालवलं. डिस्कची नोंदवही एक्सफॅट नावाच्या पद्धतीची आहे. 'फाउंड' नावाचा फोल्डर तयार झाला आणि त्यात बेनाव तुकडे आले. त्यातले काही टिफ म्हणून उघडले. त्याने भागलं नाही, म्हणून पुढे फोटोरेक वापरलं. ते नोंदवहीकडे पाहत नाही, फाईलच्या सुरुवातीच्या खुणेवरून फाईल ओळखून काढतं. त्यामुळे पान मिळतं, पण पानाचं नाव जातं.

स्कॅनरच्या संगणकावरच्या मूळ फायली मिळतील का, असं ताईंनी विचारलं. ती आशा जवळजवळ नाही. कट-पेस्ट झालं की मूळ फायली पुसल्या जातात, आणि ती आतली डिस्क एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, आहे. एसएसडीमध्ये ट्रिम नावाची आज्ञा ती मोकळी झालेली जागा थोड्याच वेळात खरोखर रिकामी करून टाकते. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेलं बरेचदा परत मिळायचं. इथे तसं होत नाही.

६ जून, शुक्रवार

सगळा दिवस पानं जुळवण्यात गेला. सुदैवाने आमचा स्कॅनर टिफच्या आत तारीख आणि वेळ लिहितो. त्यावरून क्रम लावला, मग पानाच्या कोपऱ्यातल्या हाताने घातलेल्या आकड्यांशी ताडून पाहिला. गुरुजींना त्या काळची अक्षरवळणं ओळखीची आहेत, त्यांनी लेखकागणिक पानं लावून दिली.

८८ पैकी ८१ पानं अखंड मिळाली. ३ पानं वरून अर्धी आहेत, खाली नुसता करडा पट्टा. ४ पानं डिस्कपर्यंत पोचलीच नाहीत. जे कधी लिहिलंच गेलं नाही ते कुठल्याही साधनाने परत मिळत नाही.

९ जून, सोमवार

कारण सापडलं.

स्कॅनरच्या संगणकावर विंडोज १० ची १७०९ आवृत्ती आहे. नेटचा डेटा खर्च होतो म्हणून तिचं अपडेट कुणी कधी होऊच दिलं नाही. बाहेरच्या डिस्कसाठी विंडोजमध्ये दोन धोरणं असतात. 'क्विक रिमूव्हल'मध्ये विंडोज लिहायचा मजकूर स्वतःकडे साठवून ठेवत नाही, सरळ डिस्ककडे पाठवतं. 'बेटर परफॉर्मन्स'मध्ये मजकूर आधी मेमरीत घेतला जातो, 'झालं' असं सांगितलं जातं, आणि डिस्कवर लिहिणं मागाहून सावकाश चालू राहतं. १८०९ आवृत्तीपासून क्विक रिमूव्हल हे मुळातलं धोरण झालं. त्याआधी बेटर परफॉर्मन्स होतं. आमचा संगणक त्या रेषेच्या अलीकडे राहिला.

सेटिंग पाहायची वाट अशी. डिस्क जोडायची. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडायचं. खालच्या भागात डावीकडे 'डिस्क १' असं लिहिलेला राखाडी चौकोन असतो, त्यावर उजवी क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग पॉलिसीज. शेजारच्या रंगीत पट्टीवर क्लिक केली तर वेगळीच खिडकी उघडते. ताई तिथेच दोनदा अडकल्या.

आत गेल्यावर त्याहून वाईट गोष्ट दिसली. बेटर परफॉर्मन्सच्या खाली दोन चौकटी असतात. पहिली राइट कॅशिंगची, म्हणजे लिहायचा मजकूर आधी तात्पुरता साठवून घेण्याची. दुसरी, डिस्कच्या कॅशमधला मजकूर वेळोवेळी रिता करायला लावणं बंद करण्याची. आमच्याकडे दुसरीवरही टिक होती. ज्या यंत्राला वेगळा, खात्रीचा वीजपुरवठा आहे त्याच्यासाठीच ती चौकट आहे, आणि विंडोज तिच्याखाली तशी सूचनाही लिहितं. केबलमधूनच वीज घेणाऱ्या खिशातल्या डिस्कला ती लावणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. ही टिक कधी केली गेली ते कुणालाच आठवत नाही. वेग वाढवण्याची युक्ती म्हणून अशा टिका करायला सांगितलं जातं. कृपा करून करू नका.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. वाचनालय अर्धा दिवस उघडं, डिस्कचं काम बंद.

१२ जून, गुरुवार

स्कॅनरच्या संगणकावर क्विक रिमूव्हल लावलं. लावण्याआधी आणि नंतर तोच ४ जीबीचा फोल्डर घड्याळ लावून पाठवला. मामा डिस्कच्या दिव्याकडे पाहत होते, मी पट्टीकडे.

बेटर परफॉर्मन्सवर पट्टी १ मिनिट ५० सेकंदांत पुरी झाली. दिवा लुकलुकत राहिला तो २ मिनिटं ८ सेकंदांपर्यंत. मधले १८ सेकंद म्हणजे या केबलच्या वेगाने सुमारे ६०० एमबी, आमची तेरा पानं. क्विक रिमूव्हलवर पट्टीला २ मिनिटं १२ सेकंद लागले आणि दिवा जवळजवळ तिच्याबरोबरच थांबला.

ते १८ सेकंद मामांनी स्वतः मोजले. "म्हणजे पट्टी भरली तरी लिहिणं चालू होतं," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा वाटला.

वेगाची किंमत मोजावी लागते हे खरं. मोठ्या फायलींत ती नगण्य आहे. सूचीतल्या छोट्या चित्रांच्या हजारो फायली पाठवताना मात्र वेळ चांगलाच वाढतो. त्या पाठवायच्या आधी एका झिपमध्ये बांधायच्या असं ठरवलं.

क्विक रिमूव्हल लावलं म्हणून वाटेल तेव्हा केबल ओढायची, असं नाही. कॉपी चालू असताना ओढली तर धोका तोच. शिवाय आमच्या डिस्क फिरत्या आहेत. वीज अचानक गेली की आतलं वाचणारं टोक उरल्यासुरल्या शक्तीवर झटक्याने मागे घेतलं जातं. डिस्क ते सोसते, पण दर वेळी झीज होते. डिस्क 'अ' क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पाहिली. पॉवर-ऑफ रिट्रॅक्टच्या ओळीत शेवटी '३एफ' दिसलं. हे साधन आकडे षोडशमान पद्धतीने दाखवतं, म्हणजे आपल्या मोजणीत ६३. त्यामुळे 'सेफली रिमूव्ह' करायचं, दिवा विझू द्यायचा, डिस्कवर तळवा ठेवून थरथर थांबली का पाहायचं आणि मगच उचलायची. ही सवय ठेवायचीच. सवय एखाद दिवशी चुकली तर सेटिंगने सांभाळून घ्यावं, एवढ्यासाठी सेटिंग आहे.

१६ जून, सोमवार

आता दुसरीच अडचण. सेफली रिमूव्ह केलं की 'हे उपकरण वापरात आहे' असं उत्तर येतं. तीन वेळा तसंच आलं की माणूस चौथ्यांदा केबल ओढतो. लोक केबल ओढतात त्याचं मला दिसलेलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि त्यावर कुणाला ओरडून काही होत नाही. डिस्क कोण धरून बसलंय ते शोधलं पाहिजे.

ते शोधायची चांगली जागा म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम उघडायचं आणि कर्नेल-पीएनपीची २२५ क्रमांकाची नोंद शोधायची. कोणत्या प्रोग्रामने डिस्क काढू दिली नाही त्याचं नाव तिथे लिहिलेलं असतं. आमच्याकडे दोन नावं निघाली.

पहिला स्कॅनरचाच प्रोग्राम. त्याचा जतन करायचा फोल्डर थेट बाहेरच्या डिस्कवर दाखवून ठेवला होता, त्यामुळे काम नसतानाही तो फोल्डर धरून बसायचा. तो आतल्या डिस्कवर आणला. दुसरा एक्सेल. पुस्तकांची सूची ताई डिस्कवरूनच उघडतात आणि खिडकी लहान करून ठेवतात. सूची आता आतल्या डिस्कवर राहील आणि संध्याकाळी तिची प्रत बाहेर जाईल.

त्याच बैठकीत डिस्कच्या प्रॉपर्टीजमधली, फायलींच्या आतला मजकूर अनुक्रमित करण्याची टिक काढली. स्कॅन केलेल्या चित्रांत तिचा उपयोग नाही.

सेफली रिमूव्हचं चिन्ह वर टोक असलेल्या बाणामागे लपलेलं होतं. मामांना ते कधी दिसलंच नव्हतं. विंडोज १० मध्ये टास्कबारच्या सेटिंगमध्ये कोणती चिन्हं दिसावीत त्याची यादी असते. तिथे हे चिन्ह 'विंडोज एक्सप्लोरर' नावाने असतं, म्हणून ते पटकन सापडत नाही. चालू केलं. आता ते घड्याळाशेजारी कायम दिसतं.

२० जून, शुक्रवार

वाचनकक्षातला लिनक्स मिंटचा संगणक. इथे तर पट्टी आणखीच फसवी निघाली.

वाचकांना पेनड्राइव्हवर पीडीएफ द्यायच्या असतात. एका साध्या पेनड्राइव्हवर ३ जीबी पाठवले. सुरुवातीला पट्टी झरझर पळाली, मग रेंगाळली, मग पुरी झाली. त्यानंतर अनमाउंटला दोन मिनिटांच्या वर वेळ लागला. लिनक्स मुळातच मोकळ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला मजकूर साठू देतं. या संगणकात ८ जीबी मेमरी आहे, म्हणजे एक जीबीहून जास्त मजकूर सहज अडकून राहतो. पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहीत असेल तर मिनिटं लागणारच. 'मेमइन्फो' फाईलमधली 'डर्टी'ची, म्हणजे अजून न लिहिलेल्या मजकुराची, ओळ दर सेकंदाला पाहत बसलो. विहिरीतलं पाणी उपसल्यासारखा आकडा उतरत होता.

टक्क्यांऐवजी ठरावीक मर्यादा घातली: 'डर्टी बाइट्स' ६७१०८८६४, म्हणजे ६४ एमबी, आणि 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' १६७७७२१६, म्हणजे १६ एमबी. सिस्टीमच्या 'सिसकंट्रोल' फोल्डरात वेगळी फाईल करून त्यात या दोन ओळी लिहिल्या, म्हणजे संगणक पुन्हा सुरू झाला तरी राहतील. आता पट्टी खऱ्या वेगाने सरकते आणि ती पुरी झाल्यावर सहा-सात सेकंदांत पेनड्राइव्ह मोकळा होतो. ही मर्यादा आतल्या डिस्कलाही लागू होते. या संगणकावर जड काम नसतं, त्यामुळे चालेल. व्हिडिओ संपादनाच्या संगणकावर मी एवढी कमी ठेवली नसती.

वाचकांना एवढंच सांगायचं: 'आता काढू शकता' अशी पाटी येईपर्यंत थांबा.

२४ जून, मंगळवार

काल डिस्क 'आ' लिनक्सवर फक्त वाचता येत होती, लिहिता येत नव्हती. डिस्क बिघडली असं सगळ्यांना वाटलं. तसं नव्हतं. ती रात्री विंडोजच्या संगणकाला जोडलेली राहिली होती आणि संगणक शटडाउन झाल्यावर काढली होती. आमचा समज असा होता की संगणक बंद असताना काढणं सगळ्यात सुरक्षित.

फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही. स्वतःचा गाभा गोठवून डिस्कवर ठेवतं, आणि जोडलेली एनटीएफएस (नोंदवहीची विंडोजमधली दुसरी पद्धत) डिस्क त्याच्या लेखी अजून उघडीच असते. लिनक्स ते ओळखतं आणि तिच्यावर लिहायला नकार देतं. बरोबरच करतं.

कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन, पॉवर बटणांची कामं ठरवण्याच्या पानावर, बंद दिसणारी सेटिंग आधी खुली करून फास्ट स्टार्टअपची टिक काढली. संगणक सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेतो. पावसात वीज दिवसातून चारदा जाते, त्यापुढे हा वेळ काहीच नाही.

२७ जून, शुक्रवार

डिस्क 'इ'चं धोरण परत बेटर परफॉर्मन्स! मी स्वतः बदललं होतं. अर्धा तास शोधल्यावर कळलं की समोरचं पोर्ट सैल झाल्यामुळे ताईंनी डिस्क मागच्या पोर्टला लावली होती. धोरण त्या डिस्कला त्या पोर्टवर लागू राहतं. ज्या डिस्कची डबी स्वतःचा अनुक्रमांक सांगत नाही ती दुसऱ्या पोर्टला लावली की विंडोजला नवीच वाटते, आणि या आवृत्तीत नव्या डिस्कला जुनं धोरण मिळतं. मागच्या एका पोर्टला पिवळी चिकटपट्टी लावली. डिस्क लावायची तर तिथेच. सैल पोर्ट कागदाने बुजवलं, कारण सैल पोर्टमधून केबल आपोआप निसटते आणि तेव्हा कुठलंही धोरण विचारलं जात नाही.

विंडोजची आवृत्ती पुढे नेणं हाच खरा उपाय आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार मिळण्याची शेवटची तारीखही १४ ऑक्टोबर २०२५ आहे. समितीपुढे विषय ठेवला आहे.

२ जुलै, बुधवार

साठवणीच्या दोन्ही डिस्क आता एनटीएफएसवर आहेत; 'आ' आधीपासून होती, 'अ' आज नेली. एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं. मध्येच तुटलं तर कोणता बदल अर्धवट राहिला ते डिस्कला कळायला मार्ग नाही. एनटीएफएस आधी टाचण करतं, मग बदल करतं. पण एनटीएफएसवर मजकूर जात नाही, असा समज करून घेऊ नये. जर्नल नोंदवही सांभाळतं, फाईलच्या आतली अक्षरं नाही. अर्धं लिहिलेलं पान तिथेही अर्धंच राहील.

फोटोग्राफर भाऊंकडे मॅक आहे. मॅक एनटीएफएस वाचतं, पण त्यावर लिहीत नाही. म्हणून ने-आण करायची एक डिस्क एक्सफॅटच ठेवली. तिच्यावर फक्त प्रती राहतील, एकुलती एक गोष्ट कधीच नाही.

कट-पेस्ट बंद. आता कॉपी, मग दोन्हीकडच्या फायलींचे शा-२५६ ठसे (मजकुरावरून काढलेली खूण, मजकूर जरा बदलला तरी ती बदलते) जुळवायचे, आणि जुळले तरच आतली प्रत पुसायची. ठसे काढायला विंडोजमध्येच असलेलं सर्टयूटिल पुरतं. त्याची छोटी बॅच फाईल करून ताईंच्या डेस्कटॉपवर ठेवली. हिरवी पट्टी कॉपीच्या प्रोग्रामचं म्हणणं सांगते. ठसा प्रत्यक्ष डिस्कवरून परत वाचलेल्या मजकुराचा हवा, म्हणून डिस्क एकदा काढून परत जोडल्यावरच ताडायचा. न काढता ताडला तर संगणक मेमरीतलाच मजकूर परत वाचून दाखवू शकतो.

८ जुलै, मंगळवार

आषाढीच्या सुट्टीनंतर सगळ्यांची उजळणी घेतली. पाचही जणांनी आपल्या हाताने डिस्क काढली. गुरुजींना दिव्यापेक्षा तळव्याची खूण जास्त पटली. "ताप उतरला का पाहतो तसं," म्हणाले.

मुंबईला फोन केला. त्या घरच्या वहिनींना खरं काय ते सांगितलं: सात पानं आमच्याकडून गेली. त्या रागावल्या नाहीत. गणपतीला येताना अंक परत घेऊन येऊ म्हणाल्या, पण घडीवरची पानं आता फार नाजूक झालीत असंही सांगितलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

वहिनी परवा आल्या, आज आरतीनंतर अंक घेऊन वाचनालयात आल्या. सातही पानं स्कॅन केली. घडीपाशी पान फाटलेलं आहे, आणि शेवटच्या पानाचा खालचा कोपरा प्रवासात तुटला. कोपऱ्यावरची, कवितेची दीड ओळ गेली. ती ओळ जूनच्या स्कॅनमध्ये होती. पण हे पान तेव्हाच्या चार न पोचलेल्या पानांतलं.

बाकीची सहा पानं पूर्ण आहेत. ठसे जुळले, 'अ' आणि 'आ' दोन्हीवर. डिस्क मामांनी काढली.

वहिनींच्या सासूबाईंना ती कविता पाठ असावी, असं वहिनी म्हणाल्या. गौरीच्या दिवशी त्यांना दीड ओळ विचारून येतो आणि स्कॅनशेजारी वेगळ्या फाईलमध्ये, कुणाच्या आठवणीतून आली त्याच्या उल्लेखासह, लिहून ठेवतो.